नरसव्वाची उत्तरं

नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नाही. ज्या सरांच्या हाताखाली मी इतकी वर्षं काम केलं त्यांना तर नाहीच. मन हलकं करायला म्हणून हे सांगत नाहीये, ते आधीच सांगून ठेवते. मन हलकं व्हावं असं मला वाटतही नाही. तसं होऊ नये.

मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेते. मानसशास्त्रात एम.ए. केलंय, पुण्याला. समोर माणूस बसवायचा, आज वार कुठला, ऋतू कुठला, हे काय, ते काय, पाच शब्द सांगते ते लक्षात ठेवा — असं विचारत जायचं आणि कागदावर गुण मांडायचे. तीसपैकी. गुण कमी पडले की डॉक्टर पुढचं बघतात. काम सोपं वाटतं ना? मलाही वाटायचं.

ही चाचणी मुळात परदेशातली, तिथल्या शिकलेल्या माणसांसाठी बनवलेली. ती इथल्या माणसांना चालेल अशी करायचं काम आमच्या गटाकडे आलं आणि त्यात मी फार पुढे होते. एका चित्रात बर्फावरून घसरत जाणारी गाडी होती. ती मी काढायला लावली, बैलगाडी घातली. ऋतू चार धरले होते, ते आपले तीन केले. करमाळ्याकडचे एक आजोबा होते, सरावाच्या चाचणीला आलेले. एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचं होतं. त्यांनी ‘नाही’च्या जागी ‘न्हाय’ म्हटलं आणि सरांनी गुण कापला. त्या बैठकीत मी टेबलावर हात आपटला होता. म्हणाले, “सर, ते चुकले नाहीत. ते त्यांच्या घरचं बोलले.” मग सरांनी तो नियम बदलला आणि माझं ते वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं.

घरचं बोलणं म्हणजे चूक नव्हे — हे मी बोलले होते. मी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे सांगणार आहे ते करताना हे मला पाठ होतं.

माझ्या घरचं बोलणं तेलुगू. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू विणकरांच्या वस्तीतले. वडील यंत्रमागावर, आजी विड्या वळायची. अंबव्वा तिचं नाव. घरात मराठीचा शब्द नाही. शाळेत गेले आणि पहिल्याच आठवड्यात ‘आई आला’ असं म्हणाले. आमच्या बोलीत ते लिंगाचं गणित निराळं, आमची सगळी पोरं तिथे घसरतात. बाईंनी मला उभं केलं आणि वर्गाला विचारलं, “हिची आई बाई आहे की बुवा?” वर्ग हसला. किती वर्षं झाली, तो हशा मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून मी मराठी अशी घासली, अशी घासली, की पुण्यात मला कुणी विचारलंही नाही की तू कुठली. लग्न झालं, आडनाव मराठी लागलं. दवाखान्यातल्या अर्जात ‘अवगत भाषा’ असा रकाना होता. मी लिहिलं — मराठी, हिंदी, इंग्रजी.

खोटं होतं? होतं. पण त्याने कुणाचं काय बिघडणार होतं, असं मला वाटलं. हे कारण म्हणून सांगत नाही. असं झालं, एवढंच सांगते.

एकदा चहा घेताना सर म्हणाले, “पूर्व भागातल्या म्हाताऱ्या बायकांचं अवघड आहे. काय बोलतात कळतच नाही, नुसता गडगडाट.” सगळे हसले. मीही हसले. शाळेत माझ्यावर हसले होते त्यांच्यात आणि माझ्यात मग फरक काय राहिला? त्या दिवशी हा प्रश्न मला पडला नाही. मी बिस्किट चहात बुडवलं.

मग नरसव्वा आली.

हिवाळ्यातला दिवस होता. तिच्या वस्तीत आमचं शिबिर झालेलं, तिथून तिला तपासणीला बोलावलं होतं. मुलगा घेऊन आला, श्रीनिवास. शिलाईच्या कारखान्यात कामाला होता. त्याने बाहेरच मला सांगितलं, “मॅडम, बाबा गेल्यापासून आई बोलत न्हाय. जेवत न्हाय धड. बसल्या जागी बसून राहते. विड्यांचा हिशेब लिहितात ते कार्ड कुठं ठेवलं ते दोनदा विसरली.” मी ते लिहून घेतलं. नवरा जाऊन चार महिने झालेले, बाई गप्प झालेली — शिकाऊ मुलीलाही कळेल की आधी दुःखाचं बघायला हवं. मला ते कळलं नसेल का?

नातेवाइकाने आत बसायचं नाही, असा आमचा नियम होता. उत्तरं सुचवतात म्हणून. श्रीनिवास बाहेर थांबला. आत नरसव्वा, मी, आणि माझ्या पाठीमागे सर. सरांसोबत पुण्याहून आलेले दोघं पाहुणे. मराठी चाचणी कशी चालते ते बघायला आलेले. त्यांना दाखवायला सरांनी मला निवडलं होतं.

मी तिला पहिल्या नजरेत ओळखलं.

हे इथेच सांगून टाकते, नाहीतर पुन्हा वळसे घालत बसेन. मी तिला ओळखलं होतं. अंबव्वा आणि ती एकाच विडी कारखान्यात, एकाच रांगेत बसायच्या. लहानपणी मी आजीचा डबा घेऊन जायचे, तेव्हा ही मला सुपातल्या तंबाखूपासून लांब बस म्हणून रागवायची आणि पदराच्या गाठीतून फुटाणे काढून द्यायची.

कागदावर पहिला प्रश्न असतो — मराठी समजतं का? तिने मान हलवली. “येतंय की, थोडं थोडं.” बाजारात भाजी घेण्याएवढं तिला येत होतं. ‘चाचणीची भाषा पुरेशी येत नाही’ असा एक चौकोन त्याच कागदावर होता. त्यात खूण केली असती तर चाचणी तिथेच थांबली असती. मला तेलुगू येतं हे कुणाला कळलंही नसतं. एवढी सोपी वाट होती. पण पाहुणे खुर्च्या ओढून बसले होते, सर म्हणाले, “करा सुरू,” आणि मी सुरू केलं.

आज वार कुठला? ती म्हणाली, बेस्तवारम. गुरुवार. गुरुवारच होता. मी शून्य लिहिलं.

ऋतू कुठला? चलिकालम. हिवाळा. शून्य.

हे काय आहे? मनगटावरचं घड्याळ दाखवलं. गडियारम. शून्य.

उत्तर मराठीतच हवं, असा नियम होता. आणि तो नियम लिहिताना मी त्याच बैठकीत बसले होते. ‘न्हाय’साठी टेबलावर हात आपटणारी मी, त्या नियमाला काही बोलले नव्हते. बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला का एवढं लागतंय?

मग पाच शब्द. आंबा, घोडा, दोरी, पाऊस, चमचा. मी सावकाश म्हटले. मधे दुसरे प्रश्न झाले. पेन्सिल तिने आयुष्यात बहुधा धरली नव्हती, तर्जनी आणि अंगठ्यात ती गोल गोल फिरवत राहिली. थोड्या वेळाने मी विचारलं, मघाचे शब्द सांगा. ती डोळे मिटून म्हणाली — मामिडिपंडु. गुर्रम. ताडु. वाना.

आंबा, घोडा, दोरी, पाऊस.

तुम्हाला कळतंय का काय झालं ते? परक्या भाषेतले शब्द तिने ऐकले, आपल्या भाषेत नेले, जपले, आणि पाचातले चार परत आणून दिले. मन शाबूत असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? पाठीमागून सरांनी विचारलं, “काय म्हणतायत?”

मी म्हणाले, “असंबद्ध आहे, सर.”

माझा आवाज अगदी शांत होता. पाहुण्यांपैकी एकाने मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपलं.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे वाकून हात लांब केला आणि माझ्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. तिथे एक जुनी खूण आहे. “नुव्वु अंबव्वा मनुमरालिवि गदा?” म्हणाली. तू अंबव्वाची नात ना? आणि मग — चार महिने न बोललेली ती बाई — बोलायला लागली. तू कारखान्याच्या पायरीवरून पडली होतीस, रक्त थांबेना, मी हळद दाबून धरली, अंबव्वा नुसती रडत बसली होती, तुझा परकर हिरवा होता. सगळं बरोबर. हिरवा परकर तर मीच विसरले होते. तिचा चेहरा उजळला होता. परक्या खोलीत तिला आपलं माणूस सापडलं होतं.

मी मान मागे घेतली. मराठीत म्हणाले, “आजी, तुम्ही काय बोलताय मला समजत नाही.”

तिचा हात तसाच हवेत राहिला.

सरांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, “मला दुसरीच कुणीतरी समजतायत.” आणि कागदाच्या शेवटी, ‘परीक्षकाचे निरीक्षण’ असतं तिथे, लिहिलं — अनोळखी व्यक्तीस ओळखीची समजते. बोलणे असंबद्ध.

तीसपैकी आठ. तेलुगूत मोजले असते तर चोवीस झाले असते. कसं माहीत? मी मनात मोजत होते. एकीकडे शून्य लिहीत होते आणि मनात मोजत होते. माझ्या रागाचं मूळ कुठे आहे विचाराल तर तिथे. अजाणता झालं असतं तर मी आज रडले असते. हे डोळे उघडे ठेवून केलं, म्हणून रडू येत नाही, संताप येतो. सरांचा येतो, त्या नियमाचा येतो, मला वर्गात उभं करणाऱ्या बाईंचा येतो — आणि तो तिकडे जाऊन फिरून माझ्याकडेच येतो, कारण त्या खोलीत तेलुगू येणारी मी एकटी होते.

श्रीनिवासला सांगण्यात आलं की आईला स्मृतिभ्रंश आहे, मध्यम स्वरूपाचा. तो चांगला मुलगा होता, आणि चांगल्या मुलाने करायचं ते सगळं त्याने केलं. विड्या बंद केल्या. पानं कापायची कात्री काढून घेतली, गॅसजवळ जाऊ देईना. नवरा-बायको दोघं कामाला जायचे, तेव्हा आई कुठे निघून जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी. पन्नास वर्षं रोज कारखान्यात जाऊन येणारी बाई. तिने दार वाजवलं, आरडाओरडा केला. मग तो आजार वाढल्याचं लक्षण ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. दिवसभर गुंगीत राहू लागली.

सहा महिन्यांनी तिला पुन्हा तपासणीला आणलं. ओळखू येईना इतकी वाळली होती. खुर्चीत बसली, माझ्याकडे पाहिलं. या वेळी भुवईकडे हात आला नाही. मी काही विचारायच्या आत ती ताठ बसली आणि मराठीत म्हणाली, “आंबा. घोडा. दोरी. पाऊस. चमचा.”

पाचही. क्रमाने. मराठीत.

नंतर सुनेकडून कळलं. घरी गेल्यावर सासूने तिला विचारून विचारून त्या शब्दांची मराठी नावं पक्की करून घेतली होती. पाचवा शब्द तिला दुसऱ्या दिवशी आठवला होता. रोज म्हणायची. परीक्षेत बरोबर सांगितलं तर दाराची कडी निघेल आणि विड्या वळायला देतील, असं तिने मनाशी धरलं होतं. सहा महिने. गोळ्यांच्या गुंगीत. आणि आम्ही म्हणत होतो, हिला लक्षात राहत नाही.

पण दुसऱ्या खेपेला शब्दांची यादी वेगळी असते. पाठांतर होऊ नये म्हणून. मी नवीन पाच शब्द वाचले. ती गोंधळली. पुन्हा म्हणाली, आंबा, घोडा. मी म्हटलं, ते नाही आजी, हे. ती पुन्हा म्हणाली, आंबा. मी शून्य लिहिलं. खाली लिहिलं — मागील शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते.

त्या दिवशी खोलीत सर नव्हते. पाहुणे नव्हते. आम्ही दोघीच होतो. दोन शब्द तेलुगूत बोलले असते तर कुणी ऐकलं नसतं. का नाही बोलले? कारण मग मागचा कागद खोटा ठरला असता. बस्स. दुसरं काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती मोरीत पडली. गोळ्यांनी तोल गेला असणार. दाराला बाहेरून कडी. शेजारणीने हाका ऐकल्या, पण कुलूपही होतं, श्रीनिवास येईपर्यंत तासभर गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ती परत उठली नाही. पावसाळा संपायच्या आत गेली. मी घरी भेटायला गेले. होय, गेले. श्रीनिवासने खुर्ची पुसून दिली, सुनेने चहा केला. त्याने हात जोडले. म्हणाला, “तुमच्यामुळं आजार तरी कळला मॅडम. आमाला काय कळणार होतं?” मी चहा पूर्ण प्यायले.

मग काय झालं सांगू? वरून पत्र आलं — सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी मंडळी पुष्कळ, त्यांच्यासाठी चाचणी तयार करा. सरांनी बैठकीत विचारलं, तेलुगू कुणाला येतं? आणि मी हात वर केला. सर खूश झाले. “अरे वा, हे तुम्ही लपवून ठेवलं होतं!” सगळे हसले. मीही हसले. आज त्या तेलुगू चाचणीवर माझं नाव आहे. मला बार्शीला, लातूरला, कुठे कुठे बोलायला बोलावतात. मी सांगते, उत्तर कुठल्या भाषेत आलं ते बघू नका, उत्तर बरोबर आहे का ते बघा. उदाहरण म्हणून मी नरसव्वाची गोष्ट सांगते. नाव न घेता. ‘एका गावात एक परीक्षक होती,’ असं. ऐकणारे चुकचुकतात. एक मुलगी मागे म्हणाली होती, “अशा बाईला कामावरून काढायला पाहिजे.” मी म्हणाले, बरोबर आहे. टाळ्या पडल्या. गुच्छ मिळाला.

गेल्या महिन्यात पूर्व भागात आमचं शिबिर होतं. आता नियम बदललाय, नातेवाईक शेजारी बसू शकतात. तो नियम मीच बदलून घेतला. एक म्हातारी बाई समोर येऊन बसली, सोबत श्रीनिवास. त्याची मावशी, नरसव्वाची धाकटी बहीण. मी तेलुगूत विचारत गेले, ती हसत हसत उत्तरं देत गेली. चांगले गुण पडले. श्रीनिवास पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता.

मावशी उठली, तसा त्याने तेलुगूत विचारलं, “मॅडम, आमचं बोलणं तुम्ही इतकं छान कुठं शिकलात?”

विचारलं होतं त्याने. समोर उभा राहून, सरळ. आसपास सर नव्हते, कुणी पाहुणे नव्हते. काय बोलायचं ते माझ्या तोंडात तयार होतं.

मी मराठीत म्हणाले, “कामासाठी शिकले. अलीकडेच.”

त्याने मान डोलावली. “लई बरं झालं,” म्हणाला. “आईच्या वेळी तुमाला येत नव्हतं. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर ती सारखं सांगत होती, आत अंबव्वाची नात भेटली, अंबव्वाची नात भेटली म्हणून. मी म्हटलं, गप बस आई, तुला काय बी आठवत न्हाय.”

मग तो मावशीचा हात धरून गेला.

मी पुढचं नाव पुकारलं.